नाचाची इर्जिक

मारुतीचं घर आमच्या वाडीत सगळ्यात वर. हिर्डोशीला डांबरी सोडली की पाऊण तासाची चढण, आणि शेवटच्या वळणावर ते घर. त्याचे वडील बाळूतात्या मुंबईला गोण्या उचलायचे. एक दिवस पाठीत कळ आली ती गेलीच नाही. तात्या गावी परतले आणि ओट्यावर एका कुशीवर पडून राहायला लागले. खालची चांगली खाचरं धरणाच्या पाण्याखाली गेलेली. उरली दोन खाचरं आणि नाचणीपुरता उतार. त्यावर सगळं घर हौसाकाकू ओढायच्या. दुपारची भाकरी सगळ्यांना मिळायची. रात्रीची पुरायची ती कुणीतरी एक जण "मला भूक न्हाई" म्हणाला की. बहुतेक वेळा तो एक जण म्हणजे काकूच.

आमच्या घरीही काही सोन्याचा धूर निघत नव्हता, पण माझ्या बापाची पाठ शाबूत होती. एवढ्या एका पाठीच्या फरकावर मी बी.ए. झालो आणि मारुती बारावीला दोनदा बसून उठला. वाडीतला पहिला पदवीधर मी. हे सांगण्यासारखं आहे म्हणून सांगतो. मारुतीने त्या दिवसापासून माझं नाव टाकून दिलं आणि मला 'बीए' म्हणायला लागला. "बीए, पाण्याची कळशी उचल." "बीए, तुझं चप्पल तुटलंय." डिग्रीचा एवढा घरगुती वापर विद्यापीठालाही सुचला नसता.

आता हे लिहायला बसायचं कारण. परवा भोरच्या चौकात एक फ्लेक्स लागला. आमच्याकडच्या एका साहेबांचा हसरा चेहरा, खाली गॉगलवाल्या कार्यकर्त्यांची माळ, आणि वर मजकूर: 'भोर-वेल्ह्यातील नृत्य चळवळीचे जनक'. जनक म्हणजे साहेब. एका कोपऱ्यात पासपोर्टएवढा फोटो आणि खाली मारुतीचं नाव. फोटो मारुतीचा नव्हताच, कुणा दुसऱ्याच मुलाचा होता. ज्या माणसाला आयुष्यात ढोलावर नीट पाऊल टाकता आलं नाही तो चळवळीचा बाप, आणि ज्याने ती उभी केली त्याचा चेहरासुद्धा कुणाला माहीत नाही. मला राग आला नाही. राग बरोबरीच्या माणसाचा येतो.

तर मारुती. मारुती ब्रेकिंग करायचा, म्हणजे जमिनीवर फिरायचं, एका हातावर उलटं उभं राहायचं, तो नाच. चुलतभावाच्या तडा गेलेल्या मोबाईलवर बघून शिकला. आमच्या डोंगरात सपाट अशी एकच जागा असते, भाताचं खळं. मळणी झाली की ते रिकामं, आणि त्यावर मारुती. अंगाला शेणाचा वास आणि केसांत भुसा. खळं नसेल तेव्हा फ्लेक्स. कुणाचा तरी वाढदिवस होऊन गेलेला, वाऱ्याने खाली आलेला फ्लेक्स तो गुंडाळून आणायचा आणि चेहरा खाली करून अंथरायचा. मी विचारलं, "मानाने खाली ठेवतोस का रे?" तर म्हणाला, "मान कसला. छापलेली बाजू अंगाला चिकटती. साहेबाची पाठ बरी, गुळगुळीत असती."

त्याला एक खोड होती. कुठेही गेला की पायातली चप्पल काढून टाच जमिनीवर घासून बघायचा. देवळात, लग्नात, दवाखान्यात. एकदा दाखल्यासाठी आम्ही कचेरीत गेलो. रांगेत म्हातारी माणसं ताटकळत उभी, बाबू चहाला गेलेला, तो कधी येणार ते कुणी सांगेना. आणि हा खाली बघून टाच घासतोय. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "बीए, हितली फरशी लई भारी. फुकट चाललीय." पुण्याकडच्या एका लग्नात त्याने हॉलची फरशी बघितली आणि जेवायचं विसरून विचारत सुटला, "हे रिकामं कवा असतं?" नवरदेव कोण हे त्याला शेवटपर्यंत कळलं नाही.

बोलायचा कमी, आणि बोलला तर पडक्या आवाजात. एखादा पोरगा चषक घेऊन नाचत आला की मारुती विचारायचा, "जिंकलास व्हय? मग शिकलास काय?" पोरगं हातातल्या चषकाकडे बघायचं. "म्हंजी समोरचा कमी पडला एवढंच," असं म्हणून हा वाटेला लागायचा. टाळ्यांवरही त्याचा राग. "टाळ्या वाजवणाऱ्याचं हात मोकळं असत्यात, म्हणून वाजवतो तो. हाताला काम दिलं तर वाजवील का?" त्याचे स्वतःचे दोन चषक घरी होते. एकाने काकू दार अडवायच्या, दुसऱ्यात वाती ठेवायच्या.

पण हे शहाणपण त्याला फुकट मिळालं नाही.

आमच्याकडे नाचाच्या स्पर्धेला बॅटल म्हणतात. गाव तिथे बॅटल नाही, साहेब तिथे बॅटल. वाढदिवस साहेबाचा, मंडप साहेबाचा, आणि हातपाय आमच्या पोरांचे. समोरासमोर दोन टोळ्या उभ्या करायच्या. एकाने नाचायचं, मग दुसऱ्याने त्याच्या तोंडावर बोट नाचवून, थुंकल्यासारखं करून, गळा कापल्याची खूण करून नाचायचं. टोळ्यांची नावं तर विचारू नका. घरात आईला "कोंबड्या कोंडल्यास का" म्हणून विचारणारी पोरं, आणि नाव काय, तर सगळं मारामारीचं. शहरातून एक जज आणायचा. तो काळा चष्मा लावून खुर्चीत रेलून बसतो आणि कोण जिंकलं ते एका बोटाने दाखवतो. का जिंकलं हे सांगायची त्याच्यावर जबाबदारी नाही. मी परीक्षेला बसलेला माणूस आहे. आमचे पेपर तपासणारे निदान लाल शाईने खुणा तरी करायचे.

त्या जूनमध्ये भोरला असाच एक वाढदिवस होता. मारुतीच्या समोर सागर, ज्याला सगळे साग्या म्हणायचे. भोरमधलाच, मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात कामाला. उंच, गोरा, आणि मागे कोलांटी मारून दोन्ही पायांवर पडण्यात पटाईत. साग्याने कोलांटी मारली, मंडप गरजला. मारुतीला काहीतरी मोठं करणं भाग होतं. तो एका हातावर उलटा उभा राहिला, पाय हवेत, आणि तसाच थांबला. ते त्याला येत होतं. पण गर्दीने 'अजून, अजून' म्हटलं आणि तो त्याच हातावर उडी मारायला गेला. ते त्याला येत नव्हतं. मनगट खाली दुमडलं. आवाज मी तिसऱ्या रांगेत ऐकला.

साग्याने काय केलं असेल? पडलेल्या मारुतीवर बोट रोखलं आणि मान हलवून हसला. तशी रीतच आहे. निवेदक म्हणाला, "आणि इथे आपल्याला विजेता मिळालेला आहे." गाणं कुणी बंद केलं नाही. मी आणि वाडीतले दोघे त्याला उचलून दवाखान्यात घेऊन गेलो, तेव्हा मागे साहेबांना केक भरवणं चालू होतं.

हात जुळला, पण वाकडा जुळला. वजन घ्यायचं त्याने सोडून दिलं. त्या दिवसांत मारुती एकच वाक्य बोलायचा. "बीए, पडायचं कसं हे मला कुणी शिकवलंच न्हाई. शिकवणार कोण? ज्याला येत हुतं तो समोर उभा राहून माझ्या पडण्याचीच वाट बघत हुता."

हात जुळायच्या आधीच आवणी, म्हणजे भातलावणी आली. तात्या ओट्यावर, मारुतीचा हात गळ्यात, आणि खाचरात रोपं लावायला एकट्या काकू. वाडीने इर्जिक घातली. आमच्याकडे ही जुनी रीत. ज्याचं काम अडलं त्याच्या रानात सगळ्यांनी जायचं आणि त्याचं काम उरकायचं. तो फक्त जेवू घालतो. मग आपलं अडलं की तो आपल्याकडे येतो. कागद नाही, सही नाही, पण चुकवणाऱ्याला गावात तोंड काढायला जागा राहत नाही. त्या दिवशी खाचरात अशाही दोन बायका होत्या ज्या बांधावरून भांडून चार वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या. शेजारी शेजारी वाकून लावत होत्या. बोलत तेव्हाही नव्हत्या. पण एकीची मूठ संपली की दुसरी न बघता आपल्यातली रोपं तिच्या हातात देत होती.

मारुती बांधावर बसून ते दिवसभर बघत राहिला. संध्याकाळी मला म्हणाला, "हे नाचात का न्हाई?"

मी हसलो. बी.ए.ला समाजशास्त्र होतं माझं. म्हटलं, "नाच काय भात आहे का?"

"भात कुठं नाचतो? माणसंच नाचत्यात," तो म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी भोरच्या एसटीत बसला. सरळ साग्याच्या दुकानात. मीही होतो सोबत, म्हटलं आता दुसरा हात तरी वाचवावा.

साग्याने स्क्रू फिरवता फिरवता वर बघितलं. "काय रे? परत हरायला आलास?"

"न्हाई. तुझी कोलांटी बघितली. पडताना तुझा डावा गुडघा आत जातो. दोन वर्षं टिकंल. मग तू बी माझ्यावानी बांधावर बसशील."

साग्याचा हात थांबला. "हे तू मला का सांगतोयस?"

"तुला सांगणारं हाय का कुणी दुसरं?"

साग्याला चार मित्र होते, ते सगळे टाळ्या वाजवणारे. मारुतीने मग इर्जिकीचा बेत मांडला. रविवारी एकाच्या घरी जमायचं. ज्याचं घर, त्याच्याच नाचावर सगळ्यांनी काम करायचं. त्याला काय अडतं ते बघायचं, आपल्याला येत असेल ते द्यायचं. आपला नाच त्या दिवशी दाखवायचा नाही. मोबाईलवर काढायचं नाही. पहिला-दुसरा नाही. पुढच्या रविवारी दुसऱ्याच्या घरी.

"आणि यात मला काय मिळणार?" साग्या म्हणाला.

"पिठलं-भाकरी," मारुती म्हणाला.

भात निघाल्यावर पहिली इर्जिक मारुतीच्या खळ्यावर ठरली. मारुतीचा सांगावा पोचून भोरहून साग्यासकट सहा जण आले, आणि वेल्ह्याकडून पाच. त्यांत पासलीची एक मुलगी होती, मनीषा. अकरावीला. सोबत राखणीला तिची वहिनी. पासलीहून हिर्डोशीला यायचं म्हणजे दिवसाचा उद्योग, दोन गाड्या बदलायच्या आणि वर ही चढण. भोरचे चकचकीत बूट घालून आलेले, धापा टाकत वर पोचले, आणि बघतात तर खळ्यावर भाताच्या पेंढ्यांचा ढीग.

"काकू, आम्हाला इथे नाचायचंय," साग्या म्हणाला.

"मग खळं मोकळं करा की," हौसाकाकू म्हणाल्या आणि कमरेला पदर खोचला. "झोडा भात. मी काय अडवलंय?"

आता बघा या लोकांची खोड. सवयीने दोन्ही गट समोरासमोर उभे राहिले, इकडे भोर, तिकडे वेल्हे. मध्ये दगड. आणि झोडणीची बॅटल सुरू झाली. भोरवाला पेंढी डोक्यावरून फिरवून दाणकन आपटायचा, दोन फटके मारून फेकायचा, दुसरी घ्यायचा. वेल्हेवाला त्याच्याहून जोरात. दाणे गवतात, दाणे कौलांवर, एक दाणा माझ्या डोळ्यात. अर्ध्या तासात ढीग संपला आणि दोन्ही गट हात वर करून 'आम्ही, आम्ही' करायला लागले.

काकूंनी फेकलेल्या पेंढ्यांतली एक उचलली, उलटी करून झटकली. ओंजळभर भात खाली पडला. दुसरी झटकली, तेच.

"निम्मा भात पेंढ्यात ठिवलाय," त्या म्हणाल्या. "लई जोर हाय अंगात. भाताशी भांडण हुतं व्हय तुमचं?"

काकूंनी सगळ्या पेंढ्या परत झोडायला लावल्या, आणि गवतातले दाणे वेचायला बसवलं ते वेगळंच. पण या वेळी त्यांनी माणसं लावून दिली. एकाने पेंढी द्यायची, एकाने झोडायची, एकाने झटकून बाजूला रचायची. भोरचा एक, वेल्ह्याचा एक, परत भोरचा. एकाचा हात वर गेला की दुसऱ्याचा खाली, नाहीतर पेंढी तोंडावर बसते. दुपारपर्यंत त्यांना लय सापडली. तात्या ओट्यावरून कुशी बदलून बघत होते. म्हणाले, "आता कामाला लागली माकडं."

जेवणं झाल्यावर मारुती खळ्याच्या मध्ये उभा राहिला. त्याचं काय अडलेलं ते सगळ्यांना दिसत होतं. हात. तो म्हणाला, "मला हातावर हुभं ऱ्हाता येत न्हाई. कोपरावर, खांद्यावर कसं ऱ्हायाचं ते सांगा." पहिली पाच मिनिटं कुणी तोंड उघडेना. एकमेकांना येतं ते लपवून ठेवायची सवय. मग मनीषा पुढे आली. तिने बाही वर करून कोपराची जागा दाखवली आणि म्हणाली, "दादा, हितं भार घ्या. पुढं घेतलात तर सरकतं." साग्याने मागून त्याचे पाय धरले, बाकीच्यांनी कंबर आणि खांदे. मारुती पाच महिन्यांनी उलटा झाला. तीन सेकंद, आणि खाली. कुणी टाळी वाजवली नाही. ज्याच्या त्याच्या हातात मारुतीचा कुठला ना कुठला अवयव होता.

असे रविवार जात राहिले. शहाणे लोक काय म्हणाले तेही सांगायला हवं. भोरमधले एक ऑफिसातले गृहस्थ मला म्हणाले, "तुम्ही शिकलेले, तुम्ही या टवाळांत कसे?" मी म्हटलं, तुमचा मुलगा महिन्याला पैसे भरून शहरात नाच शिकतो तो कलाकार, आणि आमची पोरं भात झोडून शिकतात ती टवाळ. त्यांनी विषय बदलला. ही माणसं विषय चांगला बदलतात.

मनीषा सगळ्यांकडे गेली, एकही रविवार चुकवला नाही. मग फाल्गुनात इर्जिकीची पाळी तिच्या घरावर आली. खरी अडचण इथे होती. तिच्या वडिलांना, दगडूबाबांना, हे पसंत नव्हतं. त्यांनी सरळ सांगितलं होतं, "लोकांच्या दारी गेलीस ते वहिनीच्या भरवशावर. आता आपल्या दारी कोण येतंय ते बघू. न्हाई आलं कुणी, तर बंद." आमच्याकडे याचा अर्थ सगळ्यांना कळतो. तुम्ही दहा जणांच्या रानात राबलात आणि तुमच्या इर्जिकीला कुणी फिरकलं नाही, तर त्याहून मोठी नामुष्की नाही. मुलीचा नाच एका रविवारवर लटकला होता.

आणि त्याच रविवारी साहेबांनी बॅटल ठेवली. भोरला, मोठा मंडप, शहरातले दोन जज. जिंकणाऱ्याला शहरातल्या मोठ्या स्पर्धेत थेट प्रवेश. कार्यकर्ते पोरांच्या घरी जाऊन सांगून आले, "साहेबांनी खास तुमच्यासाठी ठेवलंय." यांना बारा महिन्यांत दुसरा रविवार सापडला नाही.

मी मारुतीला म्हटलं, "जा, एकेकाला भेट, समजाव. साग्याला तरी."

"न्हाई."

"अरे, त्या मुलीचं काय?"

"इर्जिकीला सांगावा असतो बीए, आग्रह नसतो. ओढून आणलेलं माणूस काम बी ओढूनच करतं." आणि शनिवारीच फ्लेक्सची गुंडाळी काखेत मारून तो पासलीला गेला. मीही गेलो. त्याच्यावर भरवसा होता म्हणून नाही. मला ते सगळं फसताना बघायचं नव्हतं, आणि घरी बसूनही राहवत नव्हतं.

रविवारी सकाळी दगडूबाबांच्या ओट्यावर भावकीतले चार जण येऊन बसले. तमाशा बघायलाच. वहिनीने मोठं पातेलं चुलीवर ठेवलं होतं. मनीषा उंबऱ्यात, रस्त्याकडे तोंड करून. नऊ वाजले. दहा वाजले.

भावकीतला एक म्हणाला, "कालवण निवतंय गं सूनबाई. आमीच जेवू का?" बाकीचे हसले. दगडूबाबा हसले नाहीत. खाली मान घालून तंबाखू मळत राहिले. मनीषा तशीच उभी. मारुती अंगणात फ्लेक्स अंथरून त्याच्या कडांवर दगड ठेवत होता. जसं काही पन्नास माणसं यायची आहेत.

सव्वादहाला एसटी आली. त्यातून सात जण उतरले. चार वेल्ह्याचे, तीन भोरचे. साग्या नव्हता.

मी मनातल्या मनात साग्याला ज्या शिव्या दिल्या त्या इथे लिहिता येत नाहीत. बी.ए. असलो तरी शिव्या वाडीतल्याच येतात.

पोरं अंगणात आली, आणि नाच बाजूला ठेवून त्यांच्यातल्या एकाने विचारलं, "बाबा, काम काय हाय?" हौसाकाकूंनी घालून दिलेली सवय. पहिलं रान, मग नाच. दगडूबाबांनी वर बघितलं. म्हणाले, "राब करायचाय. जमंल का बुटात?" त्याने बूट काढून बाजूला ठेवले.

भाताची रोपं ज्या तुकड्यात टाकायची तो आधी भाजून काढावा लागतो, त्याला राब म्हणतात. शेण पसरायचं, त्यावर तोडलेल्या फांद्या, त्यावर वाळक्या पाल्याचा पातेरा, वर मातीचा थर. पोरांनी डोक्यावरून शेणाच्या पाट्या वाहिल्या. एक देतोय, एक नेतोय, एक पसरतोय, कुणी कुणाच्या पायात येत नाही. मारुती वाकड्या हाताने पातेरा ओढत होता. थोड्या वेळाने दगडूबाबा स्वतः उतरले. मग ओट्यावरच्या चौघांतले दोघे उतरले, कारण परकी पोरं राबताना भावकीने बसून राहणं बरं दिसत नव्हतं. तीन दिवसांचं काम दुपारी एकपर्यंत उरकलं.

जेवणं झाली. मग अंगणात मनीषाच्या नाचाचं काम निघालं. तिला पाठीवर वेगाने फिरता यायचं, पण फिरणं थांबवून उठता यायचं नाही. सात जणांनी तिला दोन तास तेच करायला लावलं. शेणाने माखलेल्या कपड्यांची, घामेजलेली पोरं, आणि सगळी तिच्या एका पायाकडे बघतायत. शेवटी ती फिरली, पाय मारून थांबली, आणि उठून उभी राहिली. वहिनी चुलीजवळून म्हणाली, "आता जमलं." तिला इतके रविवार बघून सगळं कळायला लागलं होतं.

दगडूबाबांनी कौतुक वगैरे केलं नाही. त्यांना नाचातलं काही समजलंच नव्हतं. त्यांनी मारुतीला विचारलं, "पुढची पाळी कुणाची?"

मारुती फ्लेक्स गुंडाळत म्हणाला, "भोरच्या सागरची."

पोरांत चुळबूळ झाली. एक म्हणाला, "तो आला का आज? जाऊ दे त्याला तिकडं, साहेबांच्या मागं."

मी म्हटलं, "बरोबर बोलतोय तो."

"पाळी त्याची हाय," मारुती म्हणाला.

दगडूबाबांनी तंबाखू थुंकली. "तो आला न्हाई ते तुमचं तुमी बघा. हे सात जण माझ्या रानात राबून गेलं. आता म्या पोरीला धाडली न्हाई तर गावात तोंड माझं काळं हुईल. ती येणार. कुणाचीबी पाळी असू दे, ती येणार."

मनीषा आत निघून गेली. भांडी घासायचा आवाज बराच वेळ जोरजोरात येत होता.

साग्या त्या दिवशी बॅटल जिंकला. त्याच आठवड्यात शहरातल्या मोठ्या स्पर्धेला गेला आणि पहिल्याच फेरीत बाहेर पडला. कशामुळे, ते त्याला तिथेही कुणी सांगितलं नाही. पुढच्या रविवारी आम्ही त्याच्या दारात गेलो तेव्हा तो लुंगीवर होता. बारा जण, त्यांत दगडूबाबाही. पोरगी कुठल्या शहरी घरी जाते ते बघायला आलेले. त्यांनी आल्या आल्या विचारलं, "रान कुठं हाय तुझं?"

"रान नाही बाबा. भाड्याची खोली आहे."

"मग काम काय अडलंय?"

साग्याची आई आतून म्हणाली, "भिंतींना चुना लावायचाय, दोन वर्षं झाली." तर पोरांनी चुना लावला.

साग्या मारुतीपाशी गेला. त्याचा आवाज खाली गेलेला. "मी आलो नव्हतो पासलीला."

"ठाव हाय."

"मग तुम्ही का आलात?"

"तुझं न येणं तुझ्यापाशी. आमचं येणं आमच्यापाशी. गुडघा दाखव."

मी मारुतीला तसं नाचात गुंतलेलं शेवटचं बघितलं ते साग्याच्या खोलीवरच्या गच्चीवर. उन्हं कलली होती. साग्या कोलांटी मारायचा आणि मारुती वाकड्या मनगटाचा हात त्याच्या पाठीखाली धरून बरोबर चालायचा, केसांत चुना, तोंडाने एकच, "आत न्हाई. गुडघा भाईर. परत." दहा वेळा, वीस वेळा. साग्या चिडत नव्हता. मला त्या मुलाबद्दल अजूनही फारसं प्रेम नाही. मारुतीला होतं का, तेही मला सांगता येणार नाही. तो फक्त गुडघ्याकडे बघत होता.

चैत्रात मारुतीला शिरवळला कंपनीत काम लागलं. रविवारी पाळी असते, सुट्टी मंगळवारी. निघताना त्याने कुणाला भाषण दिलं नाही, कुणाच्या हाती काही सोपवलं नाही. मी विचारलं, "आता हे कोण बघणार?" तर म्हणाला, "इर्जिक कोण बघतं बीए? ज्याची पाळी तो बघतो."

तात्या अजून ओट्यावरच असतात, पण त्या घरात आता दोन्ही वेळा सगळे जेवतात. मनीषा भोरच्या कॉलेजात आली आणि नाचते. साहेबांची बॅटल होते आणि तिथे अजून पोरं जातात, हेही खरं. पण हिर्डोशी, पासली, आंबवडे, भोर आणि आसपासच्या वाड्या धरून दर रविवारी कुणाच्या तरी दारात नाचाची इर्जिक होते, आणि मारुती नसतानाही होते.